लष्करच्या भाकऱ्या भाजणारी लेक

बारावीनंतर मुलगी कायद्याच्या कॉलेजला गेली की पहिले काही महिने घरात कौतुकाचे जातात. जाड जाड पुस्तकं येतात, आजी विचारते, "काळा कोट कधी शिवायचा?" आणि मग पहिली मोठी सुट्टी लागते. मुलगी जाहीर करते, "आई, या सुट्टीत मी गरजू बायकांना कायद्याची मदत करणार आहे. पैसे मिळणार नाहीत." आईच्या कपाळाला आठी पडते. फी आपण भरायची, मेसचे पैसे आपण पाठवायचे आणि हिनं घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या! शिवाय शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे तर आपण लहानपणापासून ऐकलेलं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळं जुन्या विद्यार्थिनी आणि त्यांच्या आया दोघीही माझ्याकडं येतात. मुली विचारतात, "बाई, सुरुवात कुठून करायची?" आया विचारतात, "बाई, हे करू द्यावं का?" आज दोघींना एकदमच उत्तर देते.

कायद्याच्या कॉलेजात या कामाला 'प्रो बोनो' म्हणतात. शब्द लॅटिन आहे. अर्थ साधा, लोकांच्या भल्यासाठी, मोबदला न घेता केलेलं काम. आपल्याकडं त्याला राज्यघटनेचाच आधार आहे. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आलं. पैसा नाही म्हणून कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, यासाठी सरकारनं मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं ते सांगतं. पुढं १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. त्यातलं बारावं कलम प्रत्येक बाईनं पाठ करावं असं आहे. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, कारखान्यातले कामगार, कोठडीत असलेले, आपत्तीत सापडलेले अशी मोठी यादी त्यात आहे. त्याच यादीत 'स्त्री किंवा बालक' असंही लिहिलेलं आहे, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे नवऱ्याचा पगार कितीही असो, दाव्यात तथ्य दिसत असेल तर बाईला सरकारकडून वकील मिळतो.

आता सांगा, आपल्या ओळखीतल्या किती जणींना हे ठाऊक आहे? कायदा कपाटात आहे आणि बाई ओट्यापाशी. मधलं अंतर चालून जाणारं कुणीतरी लागतं. ते काम कायद्याची विद्यार्थिनी करू शकते.

ओळखीतलीच गोष्ट आहे. पोळ्या करायला जाणाऱ्या एक बाई. माहेरी वडिलोपार्जित तीन एकर शेती. वडील गेले आणि वर्षभरानं भाऊ कागद घेऊन आला. "ताई, उद्या रजिस्ट्रार कचेरीत यायचं, एक सही करायची. सातबाऱ्यावर नाव लावायचंय." बाईंना जेमतेम अक्षरं जुळवता येतात. त्या कागद घेऊन कामाच्या घरी आल्या. तिथली मुलगी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं कागद शेजारी बसून ओळ न् ओळ वाचून दाखवला. ते हक्कसोडपत्र होतं. मुलगी एवढंच म्हणाली, "मावशी, यात तुमचा वाटा कायमचा सोडला असं लिहिलंय. सोडायचा की नाही ते मी सांगणार नाही. पण सही करण्याआधी वकिलाला विचारा. वकील फुकट मिळतो, मी दाखवते कुठं ते." त्याच दुपारी ती त्यांना तालुक्याच्या कोर्टात घेऊन गेली आणि अर्ज भरून दिला.

पुढं वकिलीण बाईंनी त्यांना सगळं समजावलं. मुलींना मुलांसारखाच जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ सालीच केली, पण आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली, आणि मुलीच्या हक्कासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. प्रत्येक घरचे कागद मात्र वेगळे असतात, म्हणून वकिलाला विचारणं भाग असतं. बाईंनी सही केली नाही. त्या वर्षी भाऊ भाऊबीजेला आला नाही, तेही त्यांनी सोसलं. पण जे ठरवलं ते समजून ठरवलं. आंधळेपणानं केलेली सही मागं घेता घेता आयुष्य सरतं.

या गोष्टीत मुलीनं काय केलं यापेक्षाही काय केलं नाही ते बघा. तिनं सल्ला दिला नाही. मुलींनो, हे नीट लक्षात ठेवा. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणं वकिली फक्त सनद असलेल्यालाच करता येते. सनदेशिवाय कोर्टात वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण शिक्षेची भीती हे खरं कारण नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊन दिलेल्या सल्ल्यानं दुसऱ्याचं घर बसतं. अपिलाची मुदत टळली, नको त्या कागदावर अंगठा उमटला, तर तुमची सुट्टी संपते आणि तिचं नुकसान जन्मभराचं होतं. विद्यार्थिनीचं काम म्हणजे ऐकणं, लिहून घेणं, कागद वाचून दाखवणं, अर्ज भरायला मदत करणं आणि योग्य दारापर्यंत सोबत जाणं.

हे काम लहान वाटत असेल तर एक उदाहरण देते. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं. शीलाताईंनी ते पत्रात लिहून सर्वोच्च न्यायालयाला पाठवलं. न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं आणि निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन बायकांशी बोलायला सांगितलं. १९८३ साली निकाल आला. बायकांची कोठडी वेगळी असावी, तिथं महिला शिपाई असाव्यात, बाईची चौकशी महिला पोलिसांच्या समक्षच व्हावी, आणि कुणालाही अटक झाली की पोलिसांनी जवळच्या कायदेशीर मदत समितीला ताबडतोब कळवावं, असे आदेश झाले. सुरुवात कशानं झाली? कुणीतरी शांतपणे ऐकलं आणि जसंच्या तसं लिहून घेतलं.

आता दारं कुठली ते सांगते.

पहिलं दार कॉलेजातच आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणं प्रत्येक कायद्याच्या कॉलेजात ज्येष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कायदेशीर मदत केंद्र असायला हवं. काही ठिकाणी ते जोरात चालतं, काही ठिकाणी दारावर नुसती पाटी असते. पाटीच असेल तर चार मैत्रिणींनी मिळून प्राध्यापकांना अर्ज द्यावा आणि आठवड्यातली एक दुपार मागावी. केंद्रातल्या विद्यार्थ्यांना एखादं गाव दत्तक घेऊन तिथं शिबिर भरवता येतं. शिबिराआधी घरोघर जाऊन लोकांच्या अडचणी काय आहेत याची पाहणी करावी. नाहीतर गावाला पाण्याचा तंटा आणि यांचं भाषण ग्राहक कायद्यावर, असं व्हायचं.

दुसरं दार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं. ते बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष आणि न्यायाधीशच त्याचे सचिव असतात. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. इथं 'विधी स्वयंसेवक' नेमतात. ही योजना २००९ सालची आहे आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना सनद मिळेपर्यंत त्यात काम करता येतं. निवड झाली की प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळतं. एकदम स्वयंसेवक होता आलं नाही तरी सुट्टीत महिनाभर शिकाऊ म्हणून येऊ का, असं विचारावं. लोकअदालतीच्या दिवशी तर हात कमीच पडतात. आलेल्या माणसाला त्याचं प्रकरण कुठल्या टेबलावर आहे हे नीट सांगणं, हीसुद्धा मोठी मदत.

तिसरं दार 'न्याय बंधू' योजनेचं. केंद्राच्या न्याय विभागानं २०१७ साली ती सुरू केली. मोफत काम करायला तयार असलेले वकील आणि गरजू माणसं यांची त्यात गाठ घालून देतात. या योजनेत कॉलेजांमध्ये प्रो बोनो क्लब निघतात आणि तिथले विद्यार्थी वकिलांना कायदा शोधून देणं, टिपणं काढणं अशी मदत करतात. आपल्या कॉलेजात क्लब आहे का ते विचारा.

चौथं दार बायकांसाठी चालणाऱ्या केंद्रांचं. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ साली महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढं असे कक्ष राज्यात इतर ठिकाणीही निघाले. २०१५ पासून 'सखी' केंद्रंही सुरू झाली आहेत. मारहाण सोसलेल्या बाईला तिथं निवारा, औषधपाणी आणि कायद्याची मदत एका ठिकाणी मिळावी, अशी ती योजना. तिथं कॉलेजचं पत्र घेऊनच जावं आणि तिथल्या कार्यकर्तीच्या हाताखाली काम करावं. तुरुंगात जायची इच्छा असेल तर प्राधिकरणामार्फतच जावं, परभारे नको.

अर्ज सुट्टीच्या महिनाभर आधी द्यावा. एक पान पुरे. प्रति, माननीय सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. खाली नाव, कॉलेज, वर्ष, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत येऊ शकता, रोज किती तास, कुठल्या भाषा लिहिता-वाचता येतात. सोबत कॉलेजचं शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत आणि दोन फोटो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. आठ दिवसांत निरोप आला नाही तर स्वतः जाऊन विचारावं, रुसून बसू नये.

कामाला लागलात की एक दोनशेपानी वही करा. एका पानावर एक प्रकरण. तारीख, अडचण त्या बाईच्याच शब्दांत, कोणते कागद पाहिले, कुणाकडं पाठवलं, पुढं कधी विचारायचं. पूर्ण नाव लिहू नका, खूण लिहा. मूळ कागद आपल्याजवळ ठेवून घेऊ नका, झेरॉक्स घेऊन मूळ लगेच परत द्या. पैसे तर नाहीच, साडीचोळीही घ्यायची नाही. "तुम्ही नक्की जिंकाल" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. आणि ऐकलेलं घरी, मैत्रिणींत, फोनवरच्या ग्रुपवर बोलायचं नाही. आपलं गाव लहान असतं. नाव नाही घेतलं तरी माणसं ओळखतात.

आयांना आता दोन गोष्टी सांगते. मुलीचं वर्ष यात वाया जात नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष काम करावंच लागतं आणि एका वेळी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. प्राधिकरणात किंवा संस्थेत केलेलं काम त्यात धरतात का, हे कॉलेजला आधी विचारून घ्यावं आणि दाखला मागून घ्यावा. काळजी वाटत असेल तर एकदा स्वतः कचेरी बघून या. काम कुणाच्या देखरेखीखाली आहे, गावोगावच्या शिबिराला कोण सोबत असतं, परतीची वेळ काय, हे विचारायला संकोच नको. विचारणाऱ्या आईला तिथं कुणी हसत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. कितीतरी मुली कायदा इंग्रजीत शिकतात आणि मराठीत चार ओळींचा अर्ज लिहायचा तर अडखळतात. 'मेंटेनन्स'ला पोटगी म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. रात्री जेवणं झाल्यावर तिला म्हणा, "कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मला माझ्या भाषेत सांग." २००५ चा हा कायदा. छळाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, हे पोलिसांनी तिला सांगायलाच हवं, असं त्याच्या पाचव्या कलमात आहे. तुम्हाला समजेपर्यंत प्रश्न विचारा. जे आईला समजावता आलं ते पोळ्यावाल्या मावशींनाही समजावता येईल. आणि तिच्याबरोबर तुम्हीही कायदा शिकाल, तो फायदा वेगळाच.

घरात कायदा शिकणारं कुणी नसलं तरी या भाकऱ्यांत आपला वाटा आहेच. मोफत कायदेशीर मदतीचा फोन नंबर १५१०० आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅसच्या नंबराच्या शेजारी, तो मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आपल्या घरात रोज जी बाई कामाला येते, तिला तो एकदा वाचून दाखवा. तिला लागला नाही तर उत्तमच. तिच्या शेजारणीला लागेल.