तुटेपर्यंत ताणू नये

धुतलेला लोकरी स्वेटर दोरीवर टांगला की संध्याकाळपर्यंत त्याची लांबी वाढलेली असते. बनियनला बारीकसे भोक पडले की त्याची शिडी होऊन ती खालपर्यंत धावते. अशा वेळी दोष कापडाच्या माथी मारला जातो. वस्तुतः बऱ्याचदा चूक असते ती विणीचा स्वभाव न ओळखण्याची.

मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांखालून-वरून सरळ जातात. म्हणून ते मजबूत, परंतु ताठ असते. होजिअरीच्या कापडात धागा फासाफासाने पुढे सरकतो. ताण येताच प्रथम फासांचा आकार बदलतो आणि धाग्यावर भार मागाहून येतो. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र रचले. तिरुपूर आणि लुधियाना येथील आजच्या कारखान्यांतही फासात फास ओवण्याचे तेच तत्त्व चालते.

बनियन आणि टी-शर्टचे साधे जर्सी कापड लांबीपेक्षा रुंदीत अधिक ताणते. ते हलके असते. मात्र त्याच्या कडा गुंडाळतात आणि एक फास तुटला की खालचे फासही सुटू लागतात. सुलट आणि उलट टाक्यांच्या उभ्या ओळी आलटूनपालटून घातल्या की रिब तयार होते. ती रुंदीत पुष्कळ ताणते आणि सोडताच पूर्ववत होते. स्वेटरच्या मनगटाला आणि कमरेला हीच वीण घालतात, ती याच कारणाने. रिबचे दोन थर एकमेकांत गुंतवले की इंटरलॉक होते. ते दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, जाडसर व कमी ताणणारे असते. ज्यात प्रत्येक उभा धागा शेजारच्या धाग्याशी नागमोडी गुंततो, ते ट्रायकॉट सहसा उसवत नाही. अशाच उभ्या गुंफणीतून मच्छरदाणीची जाळी बनते.

सारांश, अधिक ताणणारे कापड अधिक टिकाऊ असतेच असे नाही. ताण सोडल्यावर ते पूर्वस्थितीला येते की नाही, हे पाहणे महत्त्वाचे. खरेदी करताना कापड रुंदीत हलकेच ताणून सोडावे. ते सैल राहिले तर काही धुण्यांनंतर गळा लोंबणार हे निश्चित. बाळाच्या झबल्याचा गळा डोक्यावरून सहज उतरावा आणि पुन्हा मानेशी बसावा. वृद्धांच्या सुजऱ्या पायांसाठी मोज्याची वरची पट्टी मऊ रिबची असावी. घट्ट पट्टीचे वळ उठतात.

ओला सुती धागा किंचित बळकट होतो, ओली लोकर मात्र दुबळी होते. म्हणून आजीने विणलेला स्वेटर पिळू नये आणि टांगूही नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा, मूळ मापात सपाट पसरावा आणि सावलीत वाळू द्यावा. एवढी काळजी घेतली, तर तोच स्वेटर धाकट्या भावंडालाही घालता येतो.