पडीक शेत आणि कुलूपबंद घर



सलग दोन वर्षे जमीन पडीक ठेवली, तर सरकार तिची व्यवस्था आपल्या हाती घेऊ शकते, असे १९४८ च्या कूळकायद्याचे ६५ वे कलम सांगते. शहरातल्या बंद घराला मात्र असा जाब कोणी विचारत नाही.

आपली मुले नोकरीधंद्यासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवलीला जातात. एका खोलीत चौघे राहतात. अनामत भरायला इकडे म्हैस विकावी लागते. आणि त्याच रस्त्यावरच्या नव्या इमारतीत रात्री कित्येक खिडक्या काळोख्या असतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी सरकारच्या तज्ज्ञ गटाने शहरांत १ कोटी ८८ लाख घरांचा तुटवडा असल्याचे सांगितले.

मग रिकाम्या घरावर कर का लावू नये? कॅनडातील व्हँकूवर शहराने २०१७ पासून तो लावला आहे. तिथे दरवर्षी प्रत्येक मालकाने घर वापरात आहे की नाही ते लिहून द्यायचे. सहा महिन्यांहून अधिक रिकामे राहिले, तर सुरुवातीला किमतीच्या एक टक्का कर होता. तो पुढे तीन टक्क्यांवर गेला. रिकाम्या घरांची संख्या तिथे खरोखर घटली.

आपल्याकडे उलटा कारभार आहे. घरपट्टी भाडेमूल्यावर ठरते. त्यामुळे घर भाड्याने दिले की ती वाढते आणि कुलूप लावले की हलकी राहते. कसणाऱ्याला दंड आणि पडीक ठेवणाऱ्याला सूट, असाच हा प्रकार झाला!

पण नुसत्या कराने कुलूप निघणार नाही. शेत दुसऱ्याला कसायला देताना आपण का कचरतो? कूळ लागेल म्हणून. फ्लॅटवाल्याची भीती तीच आहे. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडेकरूला असे संरक्षण दिले की घर परत मिळणे दुरापास्त झाले. तो कायदा बदलून २००० साली नवा लागू झाला, तरी भीती काही गेली नाही. म्हणून करासोबत भाड्याचे तंटे लवकर निकाली निघाले पाहिजेत. शिवाय हा तुटवडा बहुतांशी गरिबांचा आहे. टॉवरमधला महागडा फ्लॅट उघडला, तरी झोपडीतल्या कुटुंबाला तो परवडणार नाही. त्यांच्यासाठी स्वस्त घरे बांधावीच लागतील. कराचा उपयोग होईल तो तुमच्याआमच्या पगारदार मुलांना. आणि चाकरमान्याच्या गावातल्या घराला हा कर कदापि लावू नये. गणपतीला उघडणारे ते घर कोणाचा निवारा अडवून बसलेले नसते.

कल्याण, अंबरनाथकडच्या ज्या बांधवांना जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाले आहेत, त्यांनी ते बंद ठेवू नयेत. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करा आणि नोंदवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. न केल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. नोंदलेल्या कराराची मुदत संपूनही कोणी घर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोवर दुप्पट भाडे मागता येते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. तोंडी बोलीवर, ओळखीचा आहे म्हणून, किल्ली देऊ नका.