फोर बाय फोर आणि तिथीची पाऊणपट

गाडीच्या मागे ‘फोर बाय फोर’ असा चकचकीत बिल्ला लावला की ती समुद्रावरही चालते, असं मानणाऱ्यांची संख्या दर दिवाळीच्या सुट्टीत वाढते आहे. भाट्ये असो, आरे-वारे असो, गणपतीपुळे असो नाहीतर दापोलीकडचा कर्दे-मुरुड किनारा. सीझन सुरू झाला की कुणाची तरी गाडी वाळूत रुतल्याची बातमी आलीच म्हणून समजा. मग ट्रॅक्टर, जेसीबी, दोरखंड आणि ‘ओढा रे ओढा’ करणारी गावातली पोरं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, मेसमध्ये हशा, आणि विषय संपला. माझं म्हणणं असं की हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निदान इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनी तरी नाही.

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी जरा इकडेतिकडे होईल. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं ही विनंती!)

आधी मेकॅनिकलवाल्यांच्या लाडक्या डिफरन्शियलबद्दल. जर्नलमध्ये त्याची आकृती आपण सगळ्यांनी काढली आहे, म्हणजे ‘छापली’ आहे. व्हायवाला विचारलं की ‘सर, वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरावं म्हणून’ हे उत्तर तोंडपाठ. पण त्याची दुसरी बाजू वाळूत कळते. साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. एक चाक भुसभुशीत वाळूवर असेल, तर ते फिरायला जेवढा थोडा टॉर्क लागतो तेवढाच दुसऱ्या, घट्ट जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. मग एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं गंमत बघत बसतं. फोर व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा ॲक्सल जोडते, हे खरं. पण दोन्ही ॲक्सलची डिफरन्शियल ओपन असतील, तर पुढचं एक आणि मागचं एक चाक सटकलं की चार चाकांची गाडी तिथेच उभी. डिफ-लॉक असेल किंवा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टीम असेल, तर फरक पडतो. शिवाय दिसायला दांडगी असलेली प्रत्येक एसयूव्ही फोर बाय फोर नसते. थारसारखी गाडीसुद्धा 2023 पासून नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. बाहेरून बघून फरक कळणं कठीण.

आता रुतल्यावर माणूस काय करतो? ॲक्सिलरेटर दाबतो. तेच सगळ्यात वाईट. फिरणारं चाक म्हणजे फुकटचं फावडं. ते खालची वाळू उपसून मागे फेकतं आणि गाडी पोटावर बसते. एकदा चॅसिस वाळूवर टेकली की वजन चाकांवर राहतच नाही, मग ग्रिप कुठून येणार? बर्फातही तेच. डिसेंबर 2024 मध्ये मनालीजवळ सोलंग ते अटल टनेलच्या रस्त्यावर शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या. बर्फावर चाक जागच्या जागी फिरलं की खालचा थर वितळून गुळगुळीत होतो. जास्त रेस, कमी पकड.

खरा उपाय इतका साधा आहे की कुणाला पटत नाही: टायरची हवा कमी करा. हिशोब बघा. गाडी 1800 किलोची, म्हणजे चाकावर सरासरी 450 किलो. टायरमध्ये 32 पीएसआय, म्हणजे साधारण सव्वादोन किलो प्रति चौरस सेंटिमीटर. टायरच्या भिंतीचा ताठरपणा सोडून दिला तर जमिनीला टेकणारा भाग झाला 200 चौरस सेंटिमीटर. हवा 16 वर आणली की तोच भाग 400 होतो. वजन तेच, पण वाळूवरचा दाब निम्मा. फर्स्ट इयरचं फिजिक्स, दुसरं काही नाही.

मग चाकांसमोरची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू फावड्याने काढायची. चाकाखाली फळ्या, गोणपाट, काहीच नसेल तर नारळाच्या झावळ्या घालायच्या. माणसं खाली उतरवायची. लो रेंज, डिफ-लॉक असेल तर तो, स्टिअरिंग सरळ, आणि शक्यतो आपल्याच चाकोरीतून हळूहळू मागे यायचं. फळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, कारण चाक ती फळी भिरकावू शकतं. दोर बांधायचा तो टो हुकलाच, बंपरला नाही. आणि ताणलेल्या दोराच्या आसपास तर फिरकायचंच नाही. नायलॉनचा दोर ताणला की स्प्रिंगसारखी एनर्जी साठवतो, आणि तुटला किंवा हुक निसटला की ती सगळी एकदम बाहेर पडते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दोराच्या दोन्ही बाजूंना पन्नास माणसं, त्यातली वीस मोबाइलवर शूटिंग करणारी. गाडी जाईल नाहीतर राहील, पण हुक कुणाच्या कपाळावर बसला तर?

2024 च्या डिसेंबरअखेरीस अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी रुतली आणि शेवटी बैलगाडीला बांधून बाहेर काढली. त्या व्हिडिओवर अख्खा देश हसला. मला मात्र त्यात मेकॅनिक्स दिसलं. बैलाचा खूर वाळूत रुततो, पण जागच्या जागी फिरत नाही. तो संथ, सारखा जोर लावतो. चारही पाय जमिनीवर, व्हीलस्पिन शून्य. खरा फोर बाय फोर तोच, नाही का?

पण हे झालं गाडीचं. किनाऱ्यावर दुसरं एक यंत्र चालू असतं, आणि त्याला ब्रेक नाही. ते म्हणजे भरती.

कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ आली. (मला पाऊणकी कुणी शिकवली नाही, मी कॅल्क्युलेटरवर पॉइंट सेव्हन फाइव्हने गुणते. उत्तर तेच येतं.) अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. मग ओहोटी कधी? त्याच्या सहा तास आधी, सव्वापाचला.

आता हे नीट लक्षात घ्या. पौर्णिमेला आणि अमावस्येला उधाणाची भरती असते, म्हणून ओहोटीही सगळ्यात लांब जाते. संध्याकाळी सव्वापाचला किनारा सगळ्यात रुंद, ओली वाळू रस्त्यासारखी कडक, आणि तासाभरात सूर्यास्त. टुरिस्टला याहून मोठं आमंत्रण नाही. गाडी खाली उतरते, फोटो होतात, सहाच्या पुढे कधीतरी चाक रुततं. पाणी एका चालीने चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण चढाच्या साधारण बाराव्या हिश्श्याइतकं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे निम्मा चढ मधल्या दोन तासांतच. आपल्या उदाहरणात ते दोन तास सव्वासात ते सव्वानऊ. पूर्ण अंधार. किनाऱ्याचा उतार 40 ला 1 धरला, तर अर्धा मीटर पाणी चढलं की लाट 20 मीटर आत येते. ट्रॅक्टरवाल्याला फोन करून तो येईपर्यंत पाणी दाराशी.

आणि सिव्हिलवाल्यांनो, तुमचा टर्झाघी इथेच भेटतो. भरतीबरोबर वाळूतलं पाणी वर येतं, कणाकणांमधला इफेक्टिव्ह स्ट्रेस कमी होतो, आणि मघाशी रस्त्यासारखी वाटणारी वाळू मऊ पडते. शिवाय प्रत्येक लाट परतताना चाकाभोवतीची वाळू घेऊन जाते. गाडी उभी असूनही खाली जात राहते.

होस्टेलवरचे काही मित्र म्हणतात, ‘अगं, मग नीट शिकून घेतलं की झालं! बंदी कशाला?’ मला हे पटत नाही. दोन कारणं. एक, ज्याला येतं तो जातो आणि येतो, पण त्याच्या चाकांच्या खुणा बघून मागून साधी हॅचबॅक उतरते. दुसरं, किनारा रिकामा नसतो. आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने 2002 मध्ये कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. ऑलिव्ह रिडले कासवीण साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात वाळूत अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे ऐन टुरिस्ट सीझनच. वरून दोन टन गेले तर खालच्या घरट्याचं काय होणार ते सांगायला नको. तळहातावर मावणाऱ्या पिल्लाला चाकाची खोल चाकोरीसुद्धा खंदकासारखी. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेली तर गुन्हा दाखल होतो. आपल्याकडे प्रशासन सूचना देतं, पोलीस अधूनमधून कारवाई करतात, पण गाडी किनाऱ्यावर उतरूच नये अशी सोय किती ठिकाणी आहे?

टुरिस्ट आले नाहीत तर इथल्या घरगुती खानावळी, लॉज, शहाळंवाले जगणार कसे, हा प्रश्न खरा आहे. पण टुरिस्टने यावं, गाडी वर लावावी आणि पायांनी खाली उतरावं. त्याने कुणाचं गिऱ्हाईक कमी होत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना. पहिली, किनाऱ्याच्या वाटेवर जांभ्याच्या चिऱ्यांची एक रांग लावावी, आणि होड्यांच्या व तातडीच्या कामासाठी एकच फाटक ठेवून किल्ली गावाकडे द्यावी. चिरा आपल्याकडे काही कमी नाही. दुसरी, तिथेच त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ लिहिलेला फळा असावा. गाडी ओढून देणाऱ्यांचे दरही त्यावर लिहावेत. काळोखात छातीभर पाण्यात उतरणाऱ्या माणसाला ‘थँक्यू दादा’ म्हणून निघून जाणं बरं नव्हे.

तिसरी आपल्यासाठी. चार वर्षांत आपण डिफरन्शियल दहा वेळा काढतो, पण टायरची हवा मोजून कमी केलेली किती जणांनी? वर्कशॉपमागे बांधकामाच्या वाळूचा ढीग पडून आहे. एका शनिवारी तो पसरून त्यात एक गाडी रुतवावी, आणि मेकॅनिकल, सिव्हिल सगळ्यांनी मिळून ती बाहेर काढावी: फावडं, फळ्या, प्रेशर गेज, दोर. मार्क नाहीत, सबमिशन नाही. वर्कशॉपच्या सरांकडे अर्ज दिला आहे आणि ‘पंधरा नावं आणा, मग बघू’ असं त्यांनी म्हटलंय. लेडीज होस्टेलमधून सहा झाली. बॉइज होस्टेलच्या नोटीस बोर्डावर कागद लावला आहे, पेनही बांधून ठेवलं आहे. बाकीची नऊ तुमची.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल