उभ्या यंत्राचा खर्च कोणाच्या वहीत?

चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांसाठी १ जानेवारी २०२५ पासून प्रदूषणाचे पाचव्या टप्प्याचे निकष लागू झाले. नवी यंत्रे त्यामुळे महागली आणि जुनीच दुरुस्त करून आणखी दोन-चार वर्षे ओढण्याकडे कंत्राटदारांचा कल होणे स्वाभाविक ठरले. 'यंत्राची किंमत केव्हाच वसूल झाली, आता मिळेल तो नफाच' हा युक्तिवाद या व्यवसायात नेहमीचा आहे. हिशेबाला मात्र तो टिकत नाही.

समजा, पायाच्या खोदाईवर एक पोकलेन चार डंपर भरते आहे. (पोकलेन पट्ट्यांवर चालते, म्हणून वरील निकष तिला लागत नाहीत, हिशेब तोच.) डिझेल वगळून तिचे तासाचे भाडे १,५०० रुपये आणि प्रत्येक डंपरचे ८०० रुपये धरू. तिचा हायड्रॉलिक पंप गेला, की तासाला ४,७०० रुपयांचा अख्खा ताफा उभा राहतो. आठ तासांच्या पाळीचे ३७,६०० रुपये होतात आणि सुटा भाग येण्यास तीन दिवस लागले, तर १,१२,८०० रुपये. मेकॅनिकचे बिल ४० हजारांचे असेल, तर 'दुरुस्ती' या सदरात तेवढेच नोंदले जातात. उरलेला तोटा भाड्यात, मजुरीत आणि विलंबाच्या दंडात विखुरतो, त्यामुळे तो कोणालाच दिसत नाही.

प्राप्तिकराच्या १५ टक्के घसाऱ्याने ५० लाखांचे यंत्र आठ वर्षांनी वहीत सुमारे साडेतेरा लाखांचे उरते. निर्णय या आकड्यावर घ्यायचा नसतो. जुने यंत्र आज विकून काय मिळेल आणि पुढच्या वर्षी दुरुस्ती, डिझेल व बंद तास मिळून त्यावर काय जाईल, हे पाहायचे. तो खर्च नव्या यंत्राच्या व्याजासह सरासरी वार्षिक खर्चापेक्षा वाढला, की बदलण्याची वेळ झाली. त्यासाठी बंद तासांची रोजची नोंद हवी, आणि तीच ठेवली जात नाही.

सारे काम एकाच यंत्रावर टांगलेले असेल, तर काय होते हे अमेरिकेतील सिएटल शहराने अनुभवले. तेथे १७.५ मीटर व्यासाचे 'बर्था' हे बोगदायंत्र डिसेंबर २०१३ मध्ये जेमतेम ३०० मीटर खोदून थांबले. ते बदलणे शक्य नव्हते. जमिनीत सुमारे ३६ मीटर खोल खड्डा घेऊन त्याचे कापणारे तोंड वर काढावे लागले. काम पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०१५ उजाडला. यंत्राची किंमत सुमारे ८ कोटी डॉलर होती. आणि विलंबापोटी कंत्राटदारांनी राज्याच्या वाहतूक खात्याला ५ कोटी ७२ लाख डॉलर द्यावेत, असा निकाल ज्युरीने डिसेंबर २०१९ मध्ये दिला.

आपल्याकडील लहान कंत्राटदाराला हे गणित कळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. थकलेल्या बिलांसाठी महाराष्ट्रातील सरकारी कंत्राटदारांना २०२५ मध्ये आंदोलने करावी लागली. ज्याचे बिल अडकले आहे, तो नव्या यंत्राचा हप्ता कशातून भरणार? त्याच्यापुढे भाड्याच्या यंत्राचा पर्याय उरतो. मात्र बंद काळाचे भाडे नाही आणि ठरलेल्या तासांत दुसरे यंत्र, ही दोन कलमे त्याने करारात लिहून घेतलेली असली पाहिजेत.