शितांची परीक्षा आणि पंगतीची मांडणी

आपल्या मंडळाच्या गेल्या व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ वक्त्यांनी असे प्रतिपादन केले की, मतदानपूर्व जनमत चाचण्या हा लोकशाहीला जडलेला रोग असून मतदानाच्या आधी पंधरा दिवस त्यांच्या प्रसिद्धीवर संपूर्ण बंदी असली पाहिजे. पुष्ट्यर्थ त्यांनी फिलिपिन्सचा दाखला दिला. त्या ‘लहानशा’ देशाने सिनेटच्या निवडणुकीपूर्वी अशी बंदी कायद्यानेच घातली, मग आपल्यालाच ते का जमू नये, असा त्यांचा सवाल होता. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल केलेले बरे. घरी येऊन शोध घेतला तेव्हा कळले की दाखला अर्धाच दिला गेला होता, आणि उरलेला अर्धा वक्त्यांच्या मताच्या नेमका विरुद्ध जातो.

फिलिपिन्स हा अकरा कोटींहून अधिक वस्तीचा देश आहे. त्याला लहानसा म्हणणे आपल्या भूगोलाला शोभत नाही. पण ते असो. तेथील निवडणूक कायद्यात २००१ च्या फेब्रुवारीत अशी तरतूद झाली खरी की, राष्ट्रीय निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस आणि स्थानिक निवडणुकीच्या आधी सात दिवस चाचण्यांचे निष्कर्ष छापू नयेत. ‘सोशल वेदर स्टेशन्स’ ही चाचण्या घेणारी जुनी संस्था आणि एक वृत्तपत्र चालविणारी कंपनी न्यायालयात गेली. त्याच वर्षी ५ मे रोजी, म्हणजे सिनेटच्या मतदानाला नऊ दिवस उरले असताना, तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवून रद्द केली. बंदीचे आयुष्य पुरते तीन महिन्यांचेही नव्हते. न्यायालयाचा युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. निवडणुकीविषयी स्तंभलेखकाने, नभोवाणीवरील भाष्यकाराने किंवा आरामखुर्चीतल्या पंडिताने हवे ते भाकीत करावे, त्याला मुभा. पण ज्याने हजारो लोकांना प्रत्यक्ष विचारून आकडे मांडले, त्याच्याच तोंडाला कुलूप, हा कुठला न्याय? आपल्या वक्त्यांनी याचा उल्लेखही करू नये, याचे नवल वाटते.

म्हणजे चाचण्या निर्दोष आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. रोग आहेच. तो वक्त्यांनी दाखविला तेथे नाही, एवढाच माझा वाद आहे.

फिलिपिन्सच्या सिनेटमध्ये चोवीस सदस्य असतात. त्यांपैकी बारा जण दर तीन वर्षांनी सहा वर्षांसाठी निवडले जातात. मतदारसंघ नाहीत, अवघा देश हाच एक मतदारसंघ. प्रत्येक मतदाराला बारापर्यंत नावे निवडता येतात. २०१० मध्ये यंत्राने मतमोजणी सुरू होण्यापूर्वी ही नावे मतपत्रिकेवर स्वहस्ते लिहावी लागत. एवढी नावे आठवून लिहिणे कोणालाही जडच; म्हणून जो नट, जो खेळाडू, ज्या घराण्याचे आडनाव जिभेवर रुळलेले, त्याचे फावत असे. आज छापील यादीतून नावे निवडायची असली तरी बारांचा कोटा पुरा न करणारे मतदार पुष्कळ आहेत. अशा मतदाराला, पाच-सहा नावे मनाशी ठरली असताना उरलेल्या जागांसाठी कोठून तरी आधार हवा असतो. तो आधार वृत्तपत्रातली ‘आघाडीचे बारा’ ही यादी पुरविते.

खरी मेख येथे आहे. शितावरून भाताची परीक्षा ही आपल्या आज्यांना ठाऊक असलेली विद्या. भात शिजला की नाही हे कळायला सारे पातेले उपसावे लागत नाही, मात्र शिते नीट ढवळून, वरची-तळची, सगळीकडची घ्यावी लागतात. बाराशे माणसे योग्य रीतीने निवडली तर देशभराच्या टक्केवारीत सुमारे तीन टक्के इकडे-तिकडे एवढीच चूक संभवते. चोवीसशे घेतली तर दोन टक्के. संख्याशास्त्राला हे मान्य आहे आणि मलाही. परंतु शितावरून पंगतीत कोणी कितव्या पाटावर बसावे हे कसे ठरणार? ज्याला ३१ टक्के पसंती मिळाली तो ‘नववा’ आणि ज्याला २९ मिळाली तो ‘तेरावा’, असे मथळ्यात छापले जाते. दोन टक्क्यांची चूक गृहीत धरली तर त्या दोघांत पुढे कोण हे त्या चाचणीला सांगताच येत नाही. ‘पल्स एशिया’ ही तेथील दुसरी मान्यवर संस्था हे ओळखून आपल्या तक्त्यात एकेका उमेदवारापुढे क्रमांकाचा पल्ला देते: अमुक उमेदवार सातवा ते बारावा, असा. संस्था प्रामाणिकपणे पल्ला देते; उपसंपादक तो पल्ला खोडून एकच आकडा ठेवतो. तेरावा ठरलेल्याची देणगी आटते, दूरचित्रवाणीवर त्याला कोणी बोलावीत नाही, आणि मत वाया जाईल या धास्तीने मतदारही हात आखडता घेतो. गणिताने जो निवाडा दिलाच नव्हता, तो मथळा देऊन मोकळा होतो.

१२ मे २०२५ च्या निवडणुकीने हे लख्ख दाखविले. बाम अक्विनो आणि किको पांगिलिनान हे दोघे अनेक चाचण्यांत बारांच्या काठावर किंवा त्याबाहेर होते. मतमोजणीत अक्विनो सुमारे दोन कोटी नऊ लाख मते घेऊन दुसरे आले आणि पांगिलिनान पाचवे. रोदान्ते मार्कोलेता सहावे आले. उलट बेन तुल्फो, बाँग रेव्हिया आणि ॲबी बिनाय ही ‘सुरक्षित’ मानलेली नावे बाहेर राहिली. आता कोणी म्हणेल, बारांपैकी बहुतेक नावे तर बरोबर आली! आली, पण बहुतेकांविषयी चाचणीची गरजच नव्हती. जेथे निर्णय अटीतटीचा होता, त्याच जागी यादी तोंडघशी पडली. तरुणांचा ओढा शेवटच्या दिवसांत फिरतो, एखादा धर्मसंप्रदाय शेवटच्या आठवड्यात एकगठ्ठा मतांचा आदेश काढतो, आणि विचारणा करणारा तर आदल्या आठवड्यातच वही मिटून घरी गेलेला असतो.

मग बंदी का नको? कारण बंदीने चाचणी थांबत नाही, फक्त ती छापली जात नाही. धनवान उमेदवार आणि त्याचे पाठीराखे आपापल्या चाचण्या पैसे मोजून करवितच राहतील, आकडे त्यांच्या खिशात राहतील, आणि शेवटचे पंधरा दिवस अंधारात चाचपडेल तो सामान्य मतदार. अफवेला तर असा अंधार फारच मानवतो. आपल्याकडेही २००४ मध्ये बहुतेक चाचण्यांनी सत्तारूढ आघाडीला विजयी ठरविले होते आणि ती हरली. २०२४ मध्ये मतदानोत्तर चाचण्यांनी तीच आघाडी साडेतीनशेपलीकडे नेली. ती २९३ वर थांबली. लोकांनी हे उघड्यावर पाहिले, हसले आणि चाचण्यांवर किती विसंबावे ते शिकले. आकडे छापलेच नसते तर हे शिक्षणही घडले नसते.

वक्त्यांना फिलिपिन्सचेच अनुकरण हवे असेल तर अवश्य करावे, पण योग्य गोष्टीचे. ज्या कायद्यातले बंदीचे कलम रद्द झाले, त्याच कायद्यात दुसरे कलम आहे: चाचणी कोणी करविली, पैसे कोणी दिले, किती माणसांना विचारले, चूक किती संभवते, हे निष्कर्षासोबतच छापले पाहिजे. पुढे तेथील निवडणूक आयोगाने वर्गणी भरून निष्कर्ष विकत घेणाऱ्यांचीही नावे मागितली. संस्था पुन्हा न्यायालयात गेल्या, आणि ७ एप्रिल २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या वेळी आयोगाची बाजू उचलून धरली. छापायला बंदी नाही, लपवायलाही परवानगी नाही. चौदा वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे व्याख्यानातला दाखला किती लंगडा होता ते ध्यानी येते.

आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. तेथे बाराशेंच्या नमुन्यात तीनशे माणसे मिंदानाओ या अडीच कोटींवर वस्तीच्या दक्षिण भागातली घेतात. त्या भागापुरती चूक जवळपास सहा टक्क्यांवर जाते, आणि तेथील मुस्लिम मुलुखाचे म्हणून वेगळे काही त्यातून काढणे धाडसाचेच. मागे एका निवडणुकीच्या वेळी आमच्या इंदुरातल्या घरी एक तरुण पाहणीदार आला होता. घरची भाषा विचारली. ‘मराठी’ म्हटल्यावर त्याने कागद वरखाली पाहिला आणि ‘इतर’ या खान्यात खूण केली. होळकरांच्या काळापासून या शहरात नांदणारी आम्ही मंडळी, ‘इतर’! त्याचा दोष नव्हता, त्याला खानेच तेवढे दिले होते. पण चाचणी कोणी करविली हे विचारले तेव्हा तेही त्याला ठाऊक नव्हते, आणि ते मात्र त्याला सांगता यायला हवे होते.

कार्यवाहांनी पुढील सत्रात वक्त्यांना उत्तराची संधी अवश्य द्यावी. २००१ आणि २०१५ च्या दोन्ही निकालपत्रांच्या प्रती मी मंडळाच्या ग्रंथालयात आणून ठेवल्या आहेत. दोन्ही इंग्रजीत आहेत, आणि पहिले बरेच आटोपशीर आहे.