लोणारच्या गाळातला दुष्काळ आणि भोनची माती

लोणार सरोवराची बातमी होते ती बहुधा पाण्यामुळे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा साऱ्या देशाने ते पाहिले. शेतीच्या इतिहासासाठी मात्र तळाचा गाळ अधिक मोलाचा आहे.

या खळग्यात आलेले पाणी बाहेर वाहून जात नाही, फक्त आटते. पाऊस वर्षानुवर्षे कमी पडला की पाण्यातले क्षार दाटतात आणि गाळात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात. तळातून काढलेल्या दहा मीटर लांबीच्या गाळाच्या नमुन्यात सुमारे ११ हजार वर्षांचा हिशेब मिळाला. सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यातून दोन दीर्घ दुष्काळी कालखंड दिसले. पहिला आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. या काळात पाऊस पडलाच नाही असे नव्हे. मोसमी पाऊस अनेक दशके दुबळा राहिला. मध्य भारतातील शेतकरी वस्त्या या दोहोंच्या मधल्या काळात बहरल्या, असे या संशोधकांचे म्हणणे.

हा हिशेब उत्खननाशी ताडून पाहिला की प्रश्न सुरू होतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथले मुख्य पीक होते जव, जोडीला मसूर, वाटाणा, कुळीथ. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली. पुढे तीनशे वर्षांत गाव ओस पडले. हवामान कोरडे झाल्याने हे घडले, असे म. के. ढवळीकरांचे प्रतिपादन. पण लोणारच्या गाळात नेमकी ही शतके दोन दुष्काळांच्या मधली, म्हणजे बऱ्या पावसाची! उलट दुसऱ्या दुष्काळी कालखंडात सातवाहन, वाकाटक, यादव होऊन गेले आणि लोणारलाच दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर उभे राहिले.

घोडचे खोरे पर्जन्यछायेत आहे, तिथला पाऊस वेगळा असू शकतो. तरीही ‘पाऊस गेला, गाव उठले’ हे समीकरण मला फार सोपे वाटते. तलाव, विहिरी, पिकांची अदलाबदल, सारा वसूल करणारी सत्ता, हे सगळे मधे येते. आजच्या विदर्भातही एकाच पावसात एक शेतकरी तरतो आणि शेजारचा कर्जात बुडतो.

उत्तर मिळायचे तर त्या काळातले धान्यच हवे. चुलीत करपलेले दाणे मातीत हजारो वर्षे टिकतात. ती माती पाण्यात ढवळली की ते वर तरंगतात आणि चाळणीत धरता येतात. अशी माती बुलढाण्यातच आहे. संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा स्तूप सापडला. ही वस्ती मौर्य-सातवाहन काळातली, म्हणजे लोणारचा दुसरा दुष्काळ ज्याच्या उंबरठ्यावर आला त्याच काळातली.

आणि हेच भोन पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात येते. स्तूप वाचवण्याची मागणी होते आहे, ती रास्तच आहे. विटा निदान उचलून दुसरीकडे मांडता येतील. थराथरांतले दाणे मात्र पाणी चढण्याआधीच चाळून घ्यावे लागतील.