टायरची जन्मतारीख आणि सोलापूरचे ऊन

पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजयपूर हे दोन महामार्ग सोलापुरात मिळत असल्याने तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरकडे जाणाऱ्या मोटारींची येथे बारमाही वर्दळ असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि भरधाव गाडीचा टायर फुटला, की सारा दोष उन्हाच्या माथी मारला जातो. हे निदान अर्धेच खरे आहे. तापलेली सडक टायरवरचा ताण वाढवते खरी, पण त्याला आतून तापवतात ती कमी हवा, जादा ओझे आणि अतिवेग. ओझे आणि वेग यांची मर्यादा टायरच्या कडेच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, ठळक उमटवलेली असते.

उदाहरणार्थ, ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ या ओळीत १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे त्या रुंदीच्या तुलनेत साइडवॉलच्या उंचीचे टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय; ८८ हा भारांक एका टायरला ५६० किलो वजन पेलते असे सांगतो, तर ‘एच’ हे अक्षर ताशी २१० किलोमीटर ही वेगमर्यादा दर्शवते. स्वस्त मिळतो म्हणून कमी भारांकाचा टायर बसवणे म्हणजे गाडीची क्षमता परस्पर घटवणे होय.

त्याच भिंतीवर लंबगोल चौकटीत चार अंक असतात. ‘१४२१’ याचा अर्थ २०२१ सालचा चौदावा आठवडा. हीच टायरची जन्मतारीख. उष्णता आणि प्राणवायू यांमुळे रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडतात, त्यामुळे डिकीत वर्षानुवर्षे पडून राहिलेली स्टेपनी नक्षीने कोरी दिसली तरी वयाने म्हातारी असू शकते.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा सर्वत्र रुजलेला समज तर उलटाच आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते, घर्षण वाढते आणि टायर आणखी तापतो. हवेचे योग्य प्रमाण साइडवॉलवर शोधू नये, कारण तेथे असते ती कमाल मर्यादा. गाडीसाठीचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर असतो आणि तो टायर थंड असतानाच्या मापाचा असतो. म्हणून प्रवासात टायर तापून वाढलेली हवा वाटेत सोडणे चुकीचे ठरते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोल नक्षी सक्तीची करतो; ‘टीडब्ल्यूआय’ या खुणेच्या रेषेत खाचेतला उंचवटा नक्षीच्या बरोबरीला आला, की टायर गोटा झाला असे समजावे. साइडवॉलवर फुगा आला असेल, तर तेथे पंक्चर काढून भागत नाही. टायर बदलावाच लागतो.

सोनाराकडून दागिना घेताना हॉलमार्क पाहणाऱ्या ग्राहकाने टायर घेतानाही ते चार अंक वाचावेत आणि बिलावर लिहून घ्यावेत. दुकानदार का-कू करू लागला, तर दुसरे दुकान गाठावे.